दुसऱ्या सत्राची केटली

निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी कॉलेजच्या ग्रुपमधून मला अजून कुणी काढलेलं नाही. विसरले असतील, नाहीतर माझ्या तोंडाला भीत असतील. मीही गप्प बसले आहे. उगाच कशाला आठवण करून द्या! दिवाळीची सुट्टी संपत आली की त्या ग्रुपवर प्राचार्यांचा निरोप येतो. यंदाचा काल सकाळी आला. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीची सभा सोमवारी. सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर सहकाऱ्यांनी यावं. वेळापत्रकात बदल आहेत, परीक्षा विभागाची जबाबदारी नव्या हातात जाते आहे, ग्रंथालय आता संध्याकाळीही उघडं राहील, नवे उपप्राचार्य कोण ते सभेत कळेल. आणि सगळ्यात शेवटी, दरवर्षी असते तीच ओळ: उरलेला फराळ आणायला विसरू नये.

मी तो निरोप गॅलरीत उभी राहून वाचला. सिडकोतल्या आमच्या घराच्या गॅलरीत या दिवसांत सकाळी ऊन येतं ते इतकं कोवळं की अंगावर घ्यावं आणि तसंच बसून राहावं. खालून कुणीतरी म्हणत होतं, निफाडला पारा कुठल्या कुठे उतरलाय. नाशिकच्या माणसाला थंडीचं कौतुक सांगताना निफाडचं नाव घेतल्याशिवाय थंडी वाजतच नाही. मी शाल ओढून घेतली, निरोप पुन्हा वाचला आणि एकदम नाकात वास आला. लसणाचा, शेंगदाण्यांचा, खोबऱ्याच्या कापांचा, आणि त्यात मिसळलेला उकळत्या चहाचा. आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या सत्राचा वास तो. दुसऱ्या कुठल्याही जागी मला तो आजवर आलेला नाही.

जून महिन्याचं सगळ्यांना केवढं कौतुक! नवी पुस्तकं, नवे वर्ग, नवी मुलं. नोव्हेंबरातल्या सत्राला कुणी विचारत नाही. पण आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला विचाराल, तर खरं सत्र दुसरंच. पहिल्या सत्रात सगळेच हुशार असतात. कोण टिकतं ते दिवाळीनंतर कळतं. स्वेटर घातलेली मुलं मागच्या बाकांवर उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसतात, खडू हातात गार लागतो, आणि हजेरी घेताना मध्येच एखादं नाव असं येतं की त्याला उत्तरच नसतं. पेठ, सुरगाणा या बाजूची नावं असतात ती बहुतेक. दिवाळी झाली की तिकडची घरंच्या घरं खाली द्राक्षाच्या कामाला उतरतात. निफाड, दिंडोरीच्या बागांमध्ये घड विरळायचे, वेली बांधायच्या. आईबाप निघाले की मुलंही निघतात. जुनी पद्धत अशी की हजेरीत काही दिवस गैरहजर, मग 'सोडून गेला' म्हणायचं आणि पुढचं नाव घ्यायचं.

तर आमची सभा. सभा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हार, शाल, दीपप्रज्वलन येईल. आमच्याकडे तसलं काही नाही. कॉलेज काढणारी माणसं साधी होती, त्यांनी दोनच चाली घालून दिल्या आणि त्या आम्ही जिवापाड सांभाळल्या. पहिली चाल परातीची. प्रत्येकाने घरचा उरलेला चिवडा आणायचा आणि तो एकाच मोठ्या परातीत ओतायचा. पातळ पोह्यांचा, जाड पोह्यांचा, चुरमुऱ्यांचा, कुणाचा बेदाणे घातलेला गोडसर, कुणाचा सटाण्याकडचा लसूण ठेचून घातलेला झणझणीत. एकदा परातीत पडला की कुणाचा कुठला, विचारायचं नाही. चिवड्यासाठी नावाजलेल्या गावात राहून सांगते, तसला चिवडा विकत मिळत नाही.

दुसरी चाल केटलीची. सत्राच्या सुरुवातीला जो कुणी नवा पदभार घेईल, मग तो प्राचार्य असो की ग्रंथपाल, त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांना चहा द्यायचा. तोही मागच्या रांगेपासून. आधी शिपाई, पहारेकरी, प्रयोगशाळेतले मदतनीस, मग आम्ही शिक्षक, आणि पहिल्या रांगेत बसलेले संस्थेचे अध्यक्ष सगळ्यात शेवटी. आणि भाषण चहा निवायच्या आत संपवायचं. मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मी, साहेब आला की बापाला ताडकन उभं राहताना पाहिलेलं. साहेब लोकांना शेवटी चहा देणारी जागा मिळाली म्हटल्यावर मी ती सोडतेय होय!

हिरा गावित आमच्याकडे लागली तीही दुसऱ्या सत्रातच. विषय वनस्पतिशास्त्र. गाव सुरगाण्याच्या पुढे, डोंगरात. पहिल्याच सभेला तिने प्लास्टिकच्या पिशवीत भाजलेले नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणले होते. त्यांच्याकडे कुठला चिवडा आणि कुठल्या करंज्या! परातीपाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी ती पिशवी बाजूला ठेवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हे परातीत कसं जाईल हो?" माझं डोकं फिरलं. मी पिशवी उचलली, वरच्यावर दोन्ही हातांनी कराकरा चुरली आणि परातीत उपडी केली. म्हटलं, "असं जाईल." त्या दिवशी जो तो विचारत होता, चिवड्यात कुरकुरीत काय लागतंय. तेव्हापासून हिराचे पापड आणि माझे हात, ही तिसरी चाल झाली.

आमची मैत्री जमली ती अशी चुरत चुरत. तिच्या प्रयोगशाळेत दुपारचा डबा खाताना एकदा तिने सांगितलं, "ताई, मला शाळेत दुसरं सत्र पूर्ण कधी मिळालंच नाही. दिवाळी झाली की आम्ही निफाडला. बागेच्या कडेला झोपडी. सकाळी वेली बांधायच्या, दुपारी गुरुजींनी दिलेलं पुस्तक वाचायचं. परीक्षेपुरती गावाला परत. पहिल्या सत्रात वर्गात काय शिकवलं ते आजही डोळ्यांपुढे येतं. दुसऱ्याचं मी सगळं एकटीने वाचलं." मी विचारलं, "मग वनस्पतिशास्त्र कसं घेतलंस?" ती हसली. म्हणाली, "दुसरं काय येत होतं? वेलीच तर ओळखत होते." हे सांगताना तिच्या आवाजात रडगाणं नव्हतं. तिचा तो ताठा मला फार आवडायचा.

आणि मग ते साल आलं, ज्याची आठवण कालच्या निरोपाने उकरून काढली. आमचे प्राचार्य निकम सर दिवाळीनंतर निवृत्त होत होते. कायम नेमणूक होईपर्यंत प्रभारी कोण, हा प्रश्न. नियम सरळ होता, सेवाज्येष्ठता आणि पात्रता. मी पीएच.डी. केली नाही, त्यामुळे त्या खुर्चीशी माझं देणंघेणं नव्हतं. पुढचं नाव हिराचं. तिच्यामागून देवरे सर, वाणिज्य विभागाचे प्रमुख, सटाण्याचे. उमदा माणूस, बोलका, सगळ्यांच्या मुलींच्या लग्नांत पंगतीत वाढायला पुढे. संस्थेच्या अध्यक्षांना देवरे सर पसंत होते. तसे ते कुणालाही पसंत पडले असते, मलासुद्धा. पण रांग म्हणजे रांग.

सुट्टीत एका सकाळी अध्यक्षांनी हिराला बोलावून घेतलं. तिथून ती थेट माझ्याकडे आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मला गोड बोलून सांगितलं, ताई. सभेत निकम सर तुम्हाला विचारतील, तयारी आहे का. तुम्ही नको म्हणा. तुमचा मान राहील, आमचं काम होईल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. नमस्कार करून आले."

"अगं, मग ठणकावून सांगायचं ना!"

"ताई, ठणकावणं तुम्हाला जमतं. मला आधी विचार करायचा आहे. मी नको म्हणाले तर कुणाचं काय बिघडणार आहे? प्रयोगशाळा आहे, मुलं आहेत. खुर्चीत बसून सह्या करायच्या, संस्थेची बोलणी खायची, कशासाठी?"

मी भांडले तिच्याशी. खूप भांडले. ती चहा पिऊन शांतपणे निघून गेली. दारात म्हणाली, "सभेला पापड आणते." बस्स. काय ठरवलंय, याचा पत्ता लागू दिला नाही. पुढचे दिवस मी घरात नुसती धुसफुसत होते. मला वाटायचं, ही आज नको म्हणाली तर उद्या तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येकीला असंच गोड बोलून बाजूला करतील. आणि तिच्यासारखी मुलं वर्गातून जातच राहतील. मला तिने हो म्हणायला हवं होतं, आणि ते तिच्या वतीने मला म्हणता येत नव्हतं.

सभेच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हॉलच्या दारात कॅन्टीनचे सखारामभाऊ मफलर गुंडाळून उभे. "मॅडम, लय गारठा हाय आज. चहात आलं जास्त टाकलंय," म्हणाले. हे निफाडचे, त्यामुळे थंडी त्यांच्या मालकीची. परात भरली. मी पापड चुरले. शेजारी उभी राहून हिराने नुसतं पाहिलं आणि मागच्या रांगेत, आपल्या प्रयोगशाळेतल्या माणसांजवळ जाऊन बसली. ती नेहमी तिथेच बसायची.

देवरे सर नवा कोट घालून आले होते. राखाडी, अंगावर नीट बसलेला, मुद्दाम शिवून घेतलेला. त्यांना अध्यक्षांनी 'तुमचंच समजा' म्हणून सांगितलेलं. सगळ्या कॉलेजनेही तेच समजून घेतलं होतं. सखारामभाऊंनी तर कमालच केली. भली मोठी पितळी केटली, वाफाळती, आणून देवरे सरांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवली. दांडीला गुंडाळायला फडकंही दिलं. आमच्या कॉलेजात नेमणुकीचा कागद नंतर निघतो, केटली आधी ठेवली जाते. देवरे सरांनी फडक्यासकट दांडीवर हात ठेवला आणि मागे वळून सगळ्यांकडे बघून हसले. लग्नघरातल्या यजमानासारखे.

निकम सर उठले. सत्राच्या नेहमीच्या गोष्टी सांगितल्या, वेळापत्रक, परीक्षा, नव्या प्रयोगशाळेचं रखडलेलं छप्पर. मग चष्मा काढून म्हणाले, "आता पदभार. नियमाप्रमाणे पहिलं नाव गावित मॅडमचं येतं. मॅडम, तुमची तयारी आहे का?"

विचारायचं म्हणून विचारलेलं. अध्यक्षांनी मान डोलवायची तयारी केलेली. काहीजण परातीकडे बघत होते. मी वळून मागे पाहिलं. हिरा उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली,

"आहे."

एवढंच. 'आपली परवानगी असेल तर' नाही, 'मी तेवढी मोठी नाही' नाही. आहे. मला हसू की रडू काही कळेना. आणि सगळ्यांचे डोळे फिरले ते देवरे सरांकडे, कारण केटली त्यांच्या हातात होती.

त्या क्षणी मला देवरे सरांची फार काळजी वाटली. भर सभेत, नव्या कोटात, गरम केटली धरून बसलेला माणूस. कोट तर काढता येत नाही! त्यांचा चेहरा पडला, हे मी पाहिलं. खोटं कशाला सांगू? पण मग त्यांनी दांडीभोवती फडकं घट्ट केलं, केटली उचलली आणि दोन रांगांमधल्या वाटेने सरळ शेवटपर्यंत चालत गेले. हिरासमोर थांबले. एरवी शुद्ध मराठीत व्याख्यानं देणारा हा माणूस गडबडला की घरच्या अहिराणीत बोलायचा. म्हणाले, "संभाळीसन धरा, मॅडम. तपेल शे."

आणि ती तापलेली केटली तिच्या हातात दिली.

टाळ्या कुणी सुरू केल्या ते मला ठाऊक नाही. मीच केल्या असतील. मागच्या रांगेतली माणसं तर उभी राहून वाजवत होती. आज इतक्या वर्षांनीही त्या चालत गेलेल्या माणसाची पाठ आठवली की मला आमच्या कॉलेजचा जो अभिमान वाटतो, तो कुठल्या निकालाचा, कुठल्या इमारतीचा कधी वाटला नाही. हिरा जिंकली म्हणून मी खूश होते, आणि देवरे सर हरले नाहीत म्हणून त्याहून जास्त.

हिराने चहा दिला. पहारेकऱ्यांना, शिपायांना, मदतनिसांना, मग आम्हाला. माझ्या कपात ओतताना तिने एक थेंब बशीत सांडू दिला नाही. शेवटी अध्यक्षांपाशी पोचली. केटली कलंडली, आणखी कलंडली. कपात जेमतेम घोटभर पडला. मागच्या रांगेत तिने भरभरून दिला होता ना!

"चालेल, चालेल," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"नाही साहेब, थांबा," हिरा म्हणाली. "शेवटच्यालाही पूर्ण मिळायला हवा. सखारामभाऊ, पुन्हा टाका."

बिचारे अध्यक्ष घोटभर चहाचा कप हातात धरून बसले. आणि आमची पंचाईत अशी की भाषण चहा निवायच्या आत संपवायचं, पण साहेबांचा चहा तर अजून यायचा होता. हिराला हवा तेवढा वेळ मिळाला. ती माईकजवळ गेलीच नाही. केटली ठेवून तिथेच उभी राहून बोलली.

"मी शाळेत होते तेव्हा दिवाळीनंतर आमचे गुरुजी हजेरीत माझं नाव घ्यायचे आणि थांबायचे. मी नसायचे. निफाडला असायचे. पण त्यांनी मला कधी 'सोडून गेली' म्हटलं नाही. बाकीच्या मुलांना सांगायचे, कामावर गेली आहे, येणार आहे. ते मला माझ्या मैत्रिणीने सांगितलं, आणि म्हणून मी परत येत राहिले. या सत्रापासून आपल्याकडेही तसंच म्हणायचं. जो द्राक्षाच्या कामाला गेलाय, तो सोडून गेलेला नाही. त्यांच्यासाठी प्रात्यक्षिकं आपण रविवारी घेऊ. मी घेईन. आणखी कोण येईल?"

रविवार म्हटल्यावर शिक्षकांच्या तोंडचं पाणी पळतं, हे काय मी तुम्हाला सांगू! मग पुढून आवाज आला, "मी शे ना, मॅडम. हिशेबशास्त्राचे तास मी घेतो." राखाडी कोटातला हात वर होता. आता मला काय, मागे राहायची सवय नाही. मीही हात वर केला. मग एकेक करत बरेच झाले. तेवढ्यात सखारामभाऊ केटली घेऊन आले आणि अध्यक्षांना पूर्ण कप मिळाला. तो त्यांनी संपवला, आणि जाताना हिराला म्हणाले, "चहा चांगला होता." संस्थेकडून इतकं कौतुक आमच्याकडे क्वचितच होतं.

त्या हिवाळ्यातले रविवार मी विसरणार नाही. मुलं बागेतून सुटून थेट यायची, हाताला वेलींचा हिरवट चीक, डोळ्यांत झोप. फळ्यावर गणित मांडताना मी मागे वळले की एखादी बाकावर डोकं टेकवून झोपलेली असायची. तिला मी उठवायची नाही, आवाज मात्र थोडा वाढवायची. घरी जाताना त्यातली एखादी ओढणीच्या टोकात बांधून आणलेले द्राक्षांचे चार हिरवे मणी हातावर ठेवायची. आंबट, डोळे मिटायला लावणारे. विरळणीत काढलेले असायचे ते. मी सगळे खायची.

आणि सोमवारची हजेरी. मी नाव घेतलं, उत्तर नाही. मी थांबले. मान वर केली. तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "कामावर गेलाय मॅडम, येणार आहे." मी लगेच फळ्याकडे तोंड केलं. वर्गासमोर डोळे पुसण्यातली बाई मी नव्हे.

हिराचं प्रभारीपण पुढे कायम झालं. देवरे सर तिचे उपप्राचार्य झाले, तेव्हा केटली त्यांच्या हातात रीतसर आली आणि त्यांनी तोच राखाडी कोट पुन्हा घातला. "वाया नाही जाऊ दिला बघा," मला म्हणाले. आता तेही निवृत्त होऊन सटाण्याला कांद्याचे भाव ऐकत बसतात. यंदा त्यांच्या जागी कुणीतरी नवं येईल.

निरोप वाचून मी शाल आवरत होते, तेवढ्यात हिराचाच फोन आला.

"ताई, वाचलं ना? सोमवारी यायचंय. गुडघ्यांचं कारण नको, गाडी पाठवते. तुमची खुर्ची मागच्या रांगेत ठेवायला सांगितली आहे. तिथे चहा पहिला येतो."

"माझी काय गरज आहे गं तिथे?"

"पापड कोण चुरणार?"

मी हसले. मग ती म्हणाली, "ताई, एप्रिलअखेर मी निवृत्त होतेय. म्हणजे सत्र संपतानाच. संस्था म्हणत होती, रजा शिल्लक आहे, जानेवारीपासून घ्या, आराम करा."

"मग?"

"मी सांगितलं, नको. दुसरं सत्र पूर्ण करूनच जाणार."

म्हटलं, "कर की मग, कोण अडवतंय!" आणि फोन ठेवून नागलीचे पापड भाजायला घेतले.